चेंडू, सोंगटी आणि लोलक : अ‍ॅनिमेशनचा पाया सरावातून कसा घालावा

अ‍ॅनिमेशन शिकायला निघालेला विद्यार्थी बहुधा पात्रापासून सुरुवात करतो. नायकाचे केस कसे असावेत, अंगरखा कोणत्या रंगाचा असावा, डोळे किती मोठे काढावेत यात वह्या भरतात, कथाही सुचलेली असते, आणि त्या नायकाला उठून दोन पावले चालवायची वेळ आली की काम अडते. चित्रे सुटी पाहिली तर चांगली असतात. ओळीने दाखवली की पात्र चालत नाही, नुसते सरकते. याचे कारण चित्रकलेतल्या उणिवेत क्वचितच सापडते. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना वस्तू किती अंतर पुढे सरकली, यावरून पाहणारा तिचा वेग, वजन आणि हेतू ओळखत असतो, आणि हे अंतर ठरवण्याचा अंदाज पात्राची कितीही सुंदर चित्रे काढली तरी येत नाही. तो येतो एखाद्या साध्या गोळ्यावर केलेल्या छोट्या प्रयोगांतून.

म्हणून येथे दिलेला प्रत्येक सराव हा एक प्रयोग आहे असे समजून करावा. त्याला एक प्रश्न असावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेळ, अंतर आणि आकार या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर निकाल चांगला आला तरी तो कशामुळे आला हे कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट पुढच्या वेळी हमखास हातून निसटते.

साहित्य आणि थोडे गणित

सुरुवातीला खर्च करण्याची गरज नाही. ए-४ आकाराचे कागद, पेन्सिल, पट्टी, कोनमापक, दोन भोके पाडणारा कार्यालयीन पंच आणि बरा कॅमेरा असलेला फोन एवढे पुरे. पंचाच्या दोन भोकांमध्ये ८ सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्याच अंतरावर जाड पुठ्ठ्यावर दोन आखूड खुंट्या घट्ट बसवल्या की प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसतो. हे बारीकसारीक वाटले तरी महत्त्वाचे आहे, कारण कागद एक मिलिमीटर हलला तरी पडद्यावर सारे चित्र थरथरते. खालचे चित्र दिसावे म्हणून काचेखाली एखादा एलईडी दिवा ठेवावा. संगणक असल्यास पेन्सिलटूडी, क्रिटा, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही चारही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि चारही कामाची आहेत. कोणते चांगले या चर्चेत आठवडे घालवण्यापेक्षा जे आधी उघडता येईल ते घ्यावे.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र बहुधा दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे एका सेकंदाला १२ चित्रे लागतात. खालील सर्व सरावांत हाच हिशेब धरला आहे. फोनवरच्या स्टॉप-मोशन अ‍ॅपमध्ये (वस्तू थोडी थोडी हलवत टिपलेली एकेक चित्रे ओळीने चालवून दाखवणाऱ्या) वेग सेकंदाला १२ चित्रे असा ठेवला की तोच परिणाम मिळतो.

पहिला सराव : कॅरमची सोंगटी

या सरावात चित्र काढायचेच नाही, आणि तो पहिला ठेवण्याचे कारणही तेच आहे. चित्रकलेची भीती बाजूला ठेवून फक्त अंतराचा विचार करता येतो.

कॅरम बोर्ड जमिनीवर ठेवावा. फोन वरून सरळ खाली पाहील असा बसवावा. फळ्यांमध्ये फट असलेले लाकडी स्टूल बोर्डावर उभे ठेवून त्या फटीवर फोन पडदा वर आणि कॅमेरा खाली करून ठेवला तरी भागते. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश पक्का करून घ्यावा, नाहीतर फोन प्रत्येक चित्राला स्वतःच्या मर्जीने उजळ किंवा अंधारे करत राहतो. खिडकी बंद करून दिव्याच्या प्रकाशात काम करावे, कारण एक ढग सरकला तरी चित्रपट लुकलुकतो. छताचा पंखा दिव्याखाली फिरत असेल तर त्याची सावलीही बोर्डावर फिरते. तो बंद करावा. पांढरा शर्ट घालून बोर्डाजवळ वाकले तर कपड्याचा उजेड बोर्डावर पडतो, म्हणून गडद कपडे घालावेत आणि प्रत्येक चित्र टिपताना एकाच जागी उभे राहावे.

आता बोर्डाच्या कडेला ३६ सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी चिकटवावी आणि सोंगटी सहा टप्प्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावी. सुरुवातीचे एक आणि सहा टप्प्यांची सहा, अशी सात चित्रे होतील. शेवटचे चित्र आणखी सहा वेळा टिपावे; वस्तू थांबल्यावर अर्धा सेकंद तरी ती स्थिर दिसली नाही तर ती थांबली हे डोळ्याला कळतच नाही.

पहिल्या वेळी प्रत्येक टप्पा ६ सेंटिमीटरचा ठेवावा. दुसऱ्या वेळी टप्पे ११, ९, ७, ५, ३, १ असे घ्यावेत. तिसऱ्या वेळी तेच आकडे उलटे, म्हणजे १, ३, ५, ७, ९, ११. चौथ्या वेळी २, ६, १०, १०, ६, २. चारही वेळा बेरीज ३६ येते, वेळ तेवढाच लागतो, सोंगटी तीच असते आणि तिची सुरुवातीची व शेवटची जागाही बदलत नाही. तरी पाहताना चार निरनिराळ्या घटना दिसतात. पहिली सोंगटी कोणीतरी यंत्राने ओढल्यासारखी जाते. दुसरीला स्ट्रायकरचा फटका बसला आहे हे स्ट्रायकर न दाखवताही कळते, कारण बोर्डाच्या घर्षणाने खरी सोंगटी नेमकी अशीच, समान दराने, वेग गमावत थांबते. तिसरी उतारावरून घरंगळते आणि टोकाशी काहीतरी अडवते. चौथी मात्र स्वतःच्या इच्छेने निघाल्यासारखी आणि विचार करून थांबल्यासारखी वाटते. निर्जीव सोंगटीला मन आहे असे वाटायला लावणे एवढ्या चार-सहा आकड्यांत बसते, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले त्याला पुढे कोणत्याही पाठ्यपुस्तकातली व्याख्या जड जात नाही.

यानंतर टप्प्यांचे प्रमाण तेच ठेवून चित्रे दुप्पट करावीत, म्हणजे वेळ बदलेल आणि अंतराची चाल तीच राहील. अ‍ॅनिमेशनवाले ज्याला टायमिंग म्हणतात ते हे, आणि आधी बदलले ते स्पेसिंग. दोहोंची गल्लत बरीच वर्षे काम केलेल्यांकडूनही होते, म्हणून हे दोन प्रयोग एका दिवशी करू नयेत.

या पद्धतीला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईत कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली आणि चित्रपटासाठी भांडवल उभे करताना ती दाखवली. तसाच प्रयोग आज ओल्या फडक्यावरच्या मटकीवर करता येतो. दर दहा मिनिटांनी एक चित्र घेतले तर दहा तासांत साठ चित्रे होतात आणि पाच सेकंदांत मोड फुटताना दिसतात. येथे अंतर आपण ठरवत नाही, निसर्ग ठरवतो. म्हणून मोडाचे टोक प्रत्येक चित्रात किती सरकले हे नंतर संगणकावर मोजून पाहावे, नाहीतर हा नुसता मौजेचा खेळ होतो.

दुसरा सराव : उसळणारा चेंडू

जगभरच्या अ‍ॅनिमेशन शाळांत पहिला गृहपाठ चेंडूचा असतो आणि बरेच विद्यार्थी तो तासाभरात उरकतात. माझ्या मते त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पुढे उडी, पाऊल, पापणी, थेंब जे काही करायचे आहे त्या सगळ्याचे मूळ यात आहे.

खाली पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ अशा विषम प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवून दिले. अ‍ॅनिमेशनसाठी हा नियम फार सोयीचा आहे. ए-४ कागद आडवा धरावा, तळाशी जमिनीची रेघ मारावी आणि तिच्यापासून वर १८ सेंटिमीटरवर चेंडूची सुरुवातीची जागा ठरवावी. अर्धा सेंटिमीटर हे एक माप मानून वरून खाली ०.५, २, ४.५, ८, १२.५ आणि १८ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. या खुणांमधली अंतरे अनुक्रमे १, ३, ५, ७, ९ आणि ११ मापांची आहेत. सहा टप्पे, प्रत्येकी दोन फ्रेम, म्हणजे चेंडू १२ फ्रेममध्ये, अर्ध्या सेकंदात, जमिनीला टेकतो.

वर जाताना हीच अंतरे उलट क्रमाने येतात, पण उसळी कमी उंचीची असते आणि येथेच नवशिक्याचा हिशेब चुकतो. तो उंची कमी करतो आणि वेळ तेवढाच ठेवतो, त्यामुळे शेवटच्या उड्या जडशीळ आणि रेंगाळलेल्या दिसतात. उंची चौथ्या हिश्श्यावर आली की लागणारा वेळ निम्मा होतो. वरच्याच मापांनी सांगायचे तर पाच टप्प्यांत, म्हणजे १० फ्रेममध्ये, २५ मापे म्हणजे १२.५ सेंटिमीटर उंची गाठली जाते. ८ फ्रेममध्ये १६ मापे म्हणजे ८ सेंटिमीटर. ६ फ्रेममध्ये ४.५ आणि ४ फ्रेममध्ये २ सेंटिमीटर. पहिले पडणे १२ फ्रेमचे, मग प्रत्येक उडीला चढ आणि उतार मिळून २०, १६, १२ आणि ८ फ्रेम, असे एकूण ६८ फ्रेम होतात आणि ३४ टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्याला चेंडू ८ मिलिमीटर उजवीकडे न्यावा. मग २७ सेंटिमीटरच्या आसपास रुंदीत सारा प्रवास बसतो आणि कमानी आपोआप तयार होतात. आडवे अंतर समान आणि उभे अंतर विषम, यातूनच ती कमान जन्मते. ती आधी हाताने गोलाई देऊन रेखाटायची आणि मग तिच्यावर चेंडू अंदाजाने बसवायचे ही पद्धत दिसायला सोपी असली तरी तिच्यात वेग बिघडतो.

ही उड्यांची मालिका सरावासाठी सोयीची म्हणून निवडली आहे. खऱ्या चेंडूची प्रत्येक उडी आधीच्या उडीच्या साधारण ठरावीक प्रमाणात घटते. टेनिसचा नवा चेंडू टणक जमिनीवर सोडला तर सोडल्या उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक उसळतो. पुढच्या फेरीत टेनिसचा चेंडू, सीझन बॉल आणि हवा भरलेला फुगा भिंतीला चिकटवलेल्या मोजपट्टीसमोर एकाच उंचीवरून सोडावेत, फोनवर चित्रित करावेत आणि एकेक फ्रेम पुढे नेत मोजावेत. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, तेव्हा त्याच्या १५ फ्रेम म्हणजे आपल्या १२ हे लक्षात ठेवावे. मोजताना एक गोष्ट हाती लागते, जी सांगून पटत नाही: टेनिसचा चेंडू आणि सीझन बॉल जवळजवळ बरोबरच खाली येतात. पडताना जड वस्तू जड दिसत नाही. तिचे वजन दिसते ते टेकल्यानंतर, उसळी किती आणि किती वेळा यावरून. फुगा तेवढा वेगळा पडतो, कारण हवा त्याला लवकरच समान वेगावर आणून ठेवते. त्याच्या चित्रांमधली अंतरे सुरुवातीचा भाग सोडला तर सारखीच असतात.

आणखी एक प्रयोग कोणी फारसा करत नाही, पण अवश्य करावा. १८ सेंटिमीटरचे तेच पडणे १२ ऐवजी २४ फ्रेममध्ये करावे, अंतराचे प्रमाण तेच विषम ठेवून. प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदात वस्तू सुमारे १.२ मीटर पडते आणि एका सेकंदात ४.९ मीटर. त्यामुळे कागदावरचा अडीच सेंटिमीटरचा गोळा पहिल्या वेळी फुटबॉलहून थोडा लहान वाटतो आणि दुसऱ्या वेळी पाऊण मीटरच्या आसपासचा अजस्र गोळा होतो. रेघ एकही बदललेली नसते. हत्ती आणि उंदीर यांच्या चालीतला फरकही पुढे याच मार्गाने साधायचा आहे.

चेंडू दबणे आणि लांबणे हा भाग मुद्दामच शेवटी घेतला आहे, कारण तो पहिल्या दिवशी शिकवला की विद्यार्थी प्रत्येक गोष्ट रबरासारखी ताणत सुटतो. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूची चित्रे पहिल्या तीन टप्प्यांत एकमेकांवर येतात किंवा एकमेकांना टेकतात. चौथ्या टप्प्यापासून दोन चित्रांत मोकळी जागा पडते आणि डोळ्याला तुटकपणा जाणवू लागतो. ताण द्यायचा तो तिथेच, शेवटच्या दोन टप्प्यांत. उंची दीडपट केली तर रुंदी दोन-तृतीयांश करावी, म्हणजे क्षेत्रफळ कायम राहते आणि चेंडू फुगल्यासारखा दिसत नाही. दबलेले चित्र फक्त जमिनीला टेकण्याच्या क्षणी. लोखंडी गोळा असेल तर तेही नको.

तिसरा सराव : लोलक आणि त्याची शेपटी

२५ सेंटिमीटर दोऱ्याला लोखंडी नट बांधून तो झुलवावा. एका पूर्ण झोक्याला, जाऊन परत यायला, जवळजवळ नेमका एक सेकंद लागतो, म्हणजे २४ फ्रेम. दोरा एक मीटरचा केला की दोन सेकंद लागतात. आकृती न काढता नुसते घड्याळ घेऊन हे आधी पडताळून पाहावे.

झोक्याच्या जागा काढण्याची एक युक्ती आहे. २० सेंटिमीटर रुंदीचे अर्धवर्तुळ काढावे, कोनमापकाने दर ३० अंशांवर खूण करावी आणि प्रत्येक खुणेवरून खालच्या रेघेवर लंब टाकावा. लंब जिथे टेकतात तिथे १.३, ३.७, ५, ५, ३.७ आणि १.३ सेंटिमीटरची अंतरे मिळतात. टोकांशी संथ, मध्ये वेगवान. ही आडवी अंतरे लोलकाच्या कमानीवर चढवली की १२ फ्रेमचा एक झोका तयार होतो आणि तीच चित्रे उलट क्रमाने लावली की परतीचाही. टोकाचे चित्र दोनदा येणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर दर झोक्याला बारीकसा धक्का बसतो आणि तो कुठून येतो हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मग नटाला एक रिबीन बांधावी. रिबिनीचे चार भाग मनात कल्पावेत आणि प्रत्येक भागाला त्याच्या वरच्या भागाची जागा एक चित्र उशिरा द्यावी. नवे गणित काही करावे लागत नाही, आधीच्याच जागा मागे ढकलायच्या असतात. नट टोकाला पोहोचून परत फिरतो तेव्हा रिबीन अजून त्याच दिशेने जात असते, आणि नेमक्या त्या एका चित्रात हालचालीला जीव येतो. वेणी, पदर, धोतराचा सोगा, कुत्र्याचे कान आणि घोड्याची शेपटी यांचे काम यापेक्षा निराळे नाही. उशीर एका चित्राऐवजी दोन चित्रांचा केला तर कापड जड वाटते. हा बदल करून दोन्ही फिती शेजारी शेजारी चालवून पाहाव्यात.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी

त्रिमितीय अ‍ॅनिमेशन करणाऱ्या विद्यार्थ्याला मधली चित्रे काढावी लागत नाहीत, त्यामुळे आपले काम वाचले असे त्याला वाटते. ब्लेंडरमध्ये दोन जागा ठरवून दिल्या की मधला प्रवास संगणक भरतो, पण तो स्वतःहून निवडतो ती चाल सुरुवातीला आणि शेवटी संथ होणारी, म्हणजे सोंगटीच्या चौथ्या प्रयोगातली असते. चेंडू त्या चालीने पडला तर जमिनीजवळ येताना हळू होतो आणि अलगद टेकतो. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचाल वक्ररेषेने दाखवणारी खिडकी, उघडून जमिनीच्या जागी वक्राचे टोक धारदार करावे लागते आणि माथ्याशी ते गोल ठेवावे लागते. कागदावर वरचे सराव आधी केलेल्याला हा वक्र पाहताक्षणी समजतो. म्हणूनच त्रिमितीकडे वळायचे असले तरी पहिले दोन सराव हातानेच करावेत असे मी आग्रहाने सांगेन. द्विमितीय सॉफ्टवेअरमध्ये ऑनियन स्किन चालू ठेवावी, म्हणजे मागची-पुढची चित्रे फिकट दिसत राहतात आणि अंतरे डोळ्यांसमोर असतात.

चौथा सराव : अर्धवट भरलेली पिशवी

तांदळाची पाच किलोची कापडी पिशवी निम्मी भरून तिचे तोंड बांधले की वर दोन कान आणि खाली दोन कोपरे उरतात. हात, पाय, चेहरा यांतले काही नसताना तिने स्टुलावरून उडी मारावी, असा हा सराव आहे. येथे तपासायचा प्रश्न एकच: उडीआधीची तयारी किती असावी? उडी तीच ठेवून आधीचे दबणे एकदा अजिबात देऊ नये, एकदा ४ फ्रेमचे द्यावे आणि एकदा १२ फ्रेमचे. पहिल्या वेळी पिशवी कोणीतरी उडवली असे वाटते, दुसऱ्या वेळी ती सहज उडते, तिसऱ्या वेळी ती घाबरलेली किंवा फार जड असते. पिशवीतला ऐवज वाढत किंवा कमी होत नाही ना हे मात्र प्रत्येक चित्रात पाहावे.

पाचवा सराव : चाल

चालीसाठी एका पावलाला १२ फ्रेम, दोन्ही पावलांना मिळून २४ फ्रेम हे माप धरावे. प्रत्येक पावलात चार चित्रे मुख्य असतात. पुढची टाच जमिनीला टेकते ते पहिले; त्यानंतर गुडघा वाकून शरीराचा भार पुढच्या पायावर येतो आणि डोके सर्वांत खाली जाते ते दुसरे; मागचा पाय पुढच्या पायाजवळून जातो ते तिसरे; आणि पंजावर जोर येऊन शरीर सर्वांत उंच होते ते चौथे. टाच टेकताना डोके सर्वांत खाली असते असे समजून काढलेली चाल लंगडी दिसते. डोक्याच्या माथ्याची जागा प्रत्येक चित्रात एका ठिपक्याने दाखवावी आणि ते ठिपके जोडावेत. लाट सलग आली नाही तर चूक त्याच ठिकाणी आहे.

पात्र जागच्या जागी चालत असेल तर जमिनीवर टेकलेला पाय मागे सरकतो, आणि तो प्रत्येक चित्रात अगदी समान अंतराने सरकला पाहिजे. आतापर्यंत समान अंतराने हालचाल निर्जीव होते असे पाहिले; जमिनीवरच्या पायाला मात्र तेच लागते, कारण प्रत्यक्षात सरकत असते ती जमीन. हे अंतर चुकले की पाय बर्फावर घसरल्यासारखा वाटतो.

एक साधी चाल जमली की तिच्यात एकेक बदल करावा. एका पावलाला ८ फ्रेम, मग १६. नंतर पाठीला ओझे, नंतर डोक्यावर पाण्याचा हंडा. हंडा घेऊन चालणारी बाई पाहिली तर तिचा माथा फारच थोडा हलतो; वरखाली होणे कमरेत आणि गुडघ्यांत जिरते. म्हणजे ठिपक्यांची लाट जवळजवळ सपाट काढायची आणि बाकीचे शरीर तिला जुळवून घ्यायचे. अशा निरीक्षणासाठी रेल्वेचा फलाट किंवा आठवडी बाजार चांगला. अनोळखी माणसांचे चित्रीकरण करण्यापेक्षा वहीत भराभर काटकुळी माणसे रेखाटावीत, आणि चित्रीकरण हवेच असेल तर घरातल्या कोणालातरी चालायला सांगावे. चित्रीकरणावर कागद ठेवून जशीच्या तशी चाल गिरवणे हा अभ्यास म्हणून एकदा करायला हरकत नाही, पण गिरवलेली चाल पडद्यावर नेहमी थोडी मिळमिळीत वाटते. मोजमाप घ्यावे, चित्रे मात्र आपली काढावीत.

सहावा सराव : ओठ

मराठी विद्यार्थ्याला येथे एक फायदा आहे. तोंडाच्या आकारांचे जे तक्ते मिळतात ते बहुतेक इंग्रजी उच्चारांवर बेतलेले असतात, पण आपली वर्णमालाच उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग कंठात, ट-वर्ग टाळूशी जीभ वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांशी. अ‍ॅनिमेटरला यांतले बाहेरून दिसते ते मुख्यतः प, ब, भ, म यांचे मिटलेले ओठ आणि स्वरांचे आकार. आरशासमोर फ बोलून पाहावा. ‘फळ’ म्हणताना अनेकांचे ओठ मिटतात, तर ‘फोन’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. आपले पात्र कोणते बोलते हे ऐकूनच ठरवावे.

‘आई, मला भूक लागली’ एवढेच वाक्य फोनवर ध्वनिमुद्रित करावे. सावकाश बोलले तर ते सुमारे दोन सेकंदांचे, म्हणजे ४८ फ्रेमचे होईल. ध्वनीची पट्टी पुढे-मागे करत कोणत्या फ्रेमला कोणता उच्चार येतो ते कागदावर उभ्या रकान्यात लिहावे. मग प्रत्येक अक्षराला तोंड न हलवता आ, ई, म, आ, भ, ऊ, आ, ई एवढेच आकार घ्यावेत. म आणि भ यांना ओठ किमान दोन फ्रेम पूर्ण मिटलेले हवेत; हे दोन क्षण चुकले तर बाकी सारे बरोबर असूनही आवाज दुसऱ्याचाच वाटतो. तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यावा. तो नेमका आवाजाबरोबर ठेवून आणि दोन फ्रेम आधी ठेवून, अशा दोन फिती करून पाहाव्यात. शेवटी आवाज तोच ठेवून मुलगा एकदा लाडात आणि एकदा रागात बोलतो असे करावे. तेव्हा ध्यानात येते की काम ओठांपेक्षा भुवया, मान आणि खांदे अधिक करतात.

वही आणि परीक्षक

प्रत्येक प्रयोगाची वहीत चार ओळींची नोंद असावी: प्रश्न काय होता, काय बदलले, चित्रांमधली अंतरे किती होती, पाहताना काय वाटले. फाइलच्या नावात फ्रेमची संख्या लिहावी. ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशी नावे दिली तर महिन्याने काहीच सापडत नाही.

परीक्षक म्हणून घरातले लहान मूल किंवा शेजारचे आजोबा सर्वांत चांगले. त्यांना फीत आवाजाविना दाखवावी आणि ‘कशी झाली?’ असे विचारू नये, कारण सगळे ‘छान’ म्हणतात. ‘चेंडू कशाचा आहे?’, ‘पिशवीला उडी मारायची होती का?’, ‘हा माणूस दमलेला आहे का?’ असे विचारावे. उत्तर चुकले तर समजावून सांगू नये. वहीत लिहावे आणि अंतरे पुन्हा तपासावीत. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी कार्टून विभागातल्या तरुणांना प्रशिक्षण दिले, त्यांत पुढे नाव कमावलेले राम मोहनही होते. असा गुरू शेजारी बसून चित्रे उलटून दाखवणारा असेल तर उत्तमच. नसेल तर हे प्रश्न बरेचसे काम भागवतात.

मग दहा सेकंद

हे सारे झाल्यावर दहा सेकंदांचा एक प्रसंग करावा. पात्रे दोनच: चेंडू आणि पिशवी. दहा सेकंद म्हणजे २४० फ्रेम, दोन-दोन फ्रेमच्या हिशेबाने जास्तीत जास्त १२० चित्रे, आणि स्थिर राहण्याचे क्षण वगळले तर त्याहून बरीच कमी. आधी पाच-सहा छोट्या चौकटींत गोष्ट रेखाटावी आणि त्या चौकटी योग्य तेवढा वेळ दाखवून दहा सेकंदांची कच्ची फीत बनवावी. ती समजत नसेल तर पुढचे काम सुरूच करू नये. समजली तर मुख्य चित्रे काढावीत, मग प्रत्येक दोन मुख्य चित्रांमधले एक वळणाचे चित्र (हालचाल मधून कोणत्या मार्गाने जाते ते दाखवणारे), आणि उरलेली मधली चित्रे शेवटी. मुख्य चित्राच्या कडेला छोटी उभी रेघ मारून मधल्या चित्रांच्या जागा तिच्यावर आडव्या खुणांनी दाखवाव्यात. सोंगटीचे आकडे येथे उपयोगी पडतात. पेन्सिलीची कच्ची चित्रेच आधी फोनवर टिपून चालवून पाहावीत, अंतरे दुरुस्त करावीत, पुन्हा टिपावीत. रेघा स्वच्छ करणे आणि रंग भरणे हे काम कच्ची फीत परीक्षकाला एकही शब्द न सांगता कळल्यानंतरच हाती घ्यावे.